कल्याणच्या पुढे शेती सुरू होते

जुलैच्या पहिल्या आठवड्यात कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल टिटवाळा सोडते आणि रुळांच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागतात. कर्जतच्या बाजूला हेच बदलापूरनंतर घडते. चिखलात वाकून लावणी करणारी माणसे, बांधावर ठेवलेल्या रोपांच्या मुठी, चिखलणी करणारा पॉवर टिलर आणि अजून कुठे कुठे बैलजोडी. डोंबिवलीचे किंवा ठाण्याचे मूल हे सगळे खिडकीतून पाहते, आईबाबा 'किती हिरवेगार' म्हणतात आणि गाडी पुढे जाते. त्या मुलाने एक साधा प्रश्न विचारावा असे मला फार वाटते: हे रोप पाण्यात कुजत कसे नाही?

मुगाचे किंवा हरभऱ्याचे रोप आठवडाभर पाण्यात उभे राहिले तर पिवळे पडून मरते, कारण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि साचलेल्या पाण्याखालच्या मातीत प्राणवायू नसतो. भात मात्र दोन-तीन महिने पाण्यात पाय रोवून उभा राहतो. त्याच्या खोडात आणि मुळांत हवेच्या लांब पोकळ्या असतात. पानांकडून आलेला प्राणवायू त्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरतो. भाताचे मूळ ब्लेडने आडवे कापून साध्या भिंगाखाली धरले तरी या पोकळ्या दिसतात. त्याच खाचरात, प्राणवायू नसलेल्या चिखलात, काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात आणि हा वायू हवामान तापवणाऱ्यांपैकी आहे. म्हणजे आपल्या ताटातल्या भाताचा थेट संबंध हवामानबदलाशी लागतो. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि पर्यावरण अशी तीन पुस्तके एका खाचरात उघडी पडलेली असतात.

कृषिविज्ञान म्हणतात ते हेच. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना ते तासा-दीड तासाच्या अंतरावर उपलब्ध आहे. मुरबाड आणि शहापूर हे तालुके ठाणे जिल्ह्यातलेच. कर्जत रायगडात, पण मध्य रेल्वेच्या लोकलने थेट जोडलेले. तरीही शहरातल्या बहुतेक शाळांत शेती भेटते ती भूगोलाच्या पुस्तकात 'प्रमुख पिके' म्हणून, आणि बारावीनंतर इतर अभ्यासक्रमांच्या प्रवेशयादीत नाव आले नाही की उरलेला पर्याय म्हणून. कृषिविज्ञानाची ओळख सहावी-सातवीतच आणि हाताने काम करत व्हायला हवी, तरच पुढे ते कुणाची खरी निवड ठरू शकेल.

सुरुवात बियाण्यापासून करता येते. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात भाताचे बियाणे ओतून ढवळायचे. थोड्या वेळाने पोचट, किडके, हलके दाणे वर तरंगतात आणि भरलेले तळाशी बसतात. तरंगलेले काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. कोकणातल्या भात उत्पादकांना दर हंगामात दिली जाणारी ही शिफारस शाळेच्या प्रयोगशाळेत अर्ध्या तासात करता येते. मिठाने पाण्याची घनता थोडी वाढते, म्हणून साध्या पाण्यात बुडणारा अर्धवट भरलेला दाणाही वर येतो. विज्ञानाच्या पुस्तकातली घनता आणि प्लावकता इथे पेरणीच्या कामाला लागतात. मग त्या निवडलेल्या बियाण्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि आठवड्याने किती रुजले ते मोजायचे. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते. आपल्या गोणपाटात किती निघाली, कमी निघाली तर का, बियाणे जुने होते की ओलसर जागी ठेवले होते, यावर मुले भांडली पाहिजेत. ते भांडण हीच विज्ञानाची सुरुवात आहे.

यानंतर राब. ठाणे-रायगडच्या डोंगरपट्ट्यात रोपवाटिकेच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. ही अंधश्रद्धा नाही. आचेने वरच्या थरातले तणांचे बी मरते, राखेतून पालाश मिळते आणि पहिल्या पावसानंतर रोप जोमाने उठते. तोटाही खरा आहे: त्यासाठी झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात आणि खताला उपयोगी पडले असते ते शेण जळून जाते. जुन्या रीतीमागचे कारण ओळखायचे, तिची किंमत मोजायची आणि मग पर्याय शोधायचा, असा विचार मुलांना शिकवण्यासाठी राबाइतका चांगला धडा सापडणे कठीण आहे.

पर्याय शोधणारी माणसेही याच पट्ट्याच्या आसपास झाली. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणासाठी भाताची चारसूत्री पद्धत मांडली. भाताचे तूस-पेंढा किंवा त्यांची राख पुन्हा मातीत घालायची, कारण त्यातले सिलिका रोपाला ताठ करते. गिरिपुष्पाचा हिरवा पाला चिखलात गाडायचा. रोपे १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून पालटून अंतरावर लावायची. आणि दर चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी, जिला ब्रिकेट म्हणतात, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची.

या चौथ्या सूत्रावर जरा थांबू, कारण त्यात फार सुंदर रसायनशास्त्र आहे. खाचरात युरिया नुसता फेकला तर त्यातला बराच नत्र वाया जातो. थोडा अमोनिया होऊन हवेत उडतो. चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात प्राणवायू असतो, तिथे अमोनियमचे नायट्रेट बनते. ते नायट्रेट खालच्या, प्राणवायू नसलेल्या थरात झिरपले की तिथले जिवाणू त्याचा नत्रवायू करून टाकतात आणि तोही हवेत जातो. शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेले खत असे हवेत परत जाते. गोळी आधीच खाली खोचली की अमोनियम त्याच थरात मातीच्या कणांना धरून राहते आणि मुळांना हळूहळू मिळते. खतही कमी लागते. आठवीतल्या मुलाला नत्रचक्राची आकृती पाठ करायला लावण्यापेक्षा ही एक गोळी त्याच्या हातात द्यावी. ते चक्र तो जन्मभर विसरणार नाही.

नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी वेगळाच मार्ग घेतला. त्यांच्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा गादीवाफे करायचे, त्यावर टोकणी करून भात घ्यायचा, कापणीनंतर नांगरायचे नाही आणि जुनी मुळे जमिनीतच कुजू द्यायची. मुळे कुजून झालेल्या नळ्यांतून हवा आणि पाणी खाली उतरते, गांडुळे वाढतात, लावणीची कंबर मोडणारी मजुरी वाचते. कोकणात आणि कोकणाबाहेर अनेक शेतकऱ्यांनी ते स्वीकारले आहे. तणांसाठी मात्र या पद्धतीत तणनाशकावर भिस्त असते आणि त्यावर रास्त प्रश्न विचारता येतात. विद्यार्थ्यांनी ते जरूर विचारावेत. एका शेतात चारसूत्री, शेजारी सगुणा तंत्र, पलीकडे पारंपरिक लावणी, असे तिन्ही पाहून कोणत्या जमिनीत आणि कोणत्या घरासाठी काय परवडेल, हे ठरवण्याचे काम कृषिशास्त्रज्ञ करतो.

कर्जतला तर भातावर शंभर वर्षांहून अधिक काळ काम चालू आहे. तिथले प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र १९१९ सालचे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाखाली आहे आणि हे विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. ठाणे-रायगडच्या शेतांत दिसणारे 'कर्जत-३'सारखे लवकर तयार होणारे वाण याच केंद्रातून आले. त्याच विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणारे 'पनवेल' मालिकेतले वाण दिले. खाडीचे पाणी बांध फोडून आत शिरले की भात का जळतो, हा प्रश्न दिवा, डोंबिवली, कल्याणच्या खाडीकाठच्या आगरी घरांतल्या आजोबांना पाठ आहे. त्याच घरातल्या नातवाला त्याचे शास्त्रीय उत्तर देणारी संस्था पनवेलला आहे, हे बहुधा माहीत नसते.

वाण तयार करायला नेहमी मोठी प्रयोगशाळाच लागते असेही नाही. आपल्या किराणा दुकानात 'एचएमटी' नावाने मिळणारा तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. शिक्षण जेमतेम तिसरीपर्यंत. १९८३ मध्ये आपल्या पटेल-३ भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी निराळे ठेवले, दरवर्षी निवडून वाढवले आणि त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव त्याला दिले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे त्यावरून 'पीकेव्ही एचएमटी' हा वाण काढला. दादाजींना मात्र त्यातून सुबत्ता आली नाही. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच होती. मुलांना ही गोष्ट पूर्ण सांगावी, शेवटासकट. निरीक्षणाचे मोल किती मोठे असते आणि ते करणाऱ्याला त्याचा वाटा मिळवून देणारी व्यवस्था किती अपुरी आहे, दोन्ही त्यांना कळले पाहिजे.

अलीकडे पावसाळ्यात 'भातलावणीचा अनुभव' देणाऱ्या सहली निघतात. मुले चिखलात उतरतात, चार चूड लावतात, जेवतात आणि संध्याकाळी परततात. चिखलाची भीती जाते, तेवढा फायदा आहे. पण एका दुपारच्या सहलीने पीक कळत नाही. पीक ही काळाची गोष्ट आहे. तेच खाचर जूनमध्ये, मग ऑगस्टच्या पोटरीत, ऑक्टोबरच्या कापणीला आणि डिसेंबरात वाल-हरभरा घेतल्यावर पाहिले, तरच मुलाला समजते की सप्टेंबरअखेरच्या एका वादळी पावसाने शेतकऱ्याची झोप का उडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा 'दप्तराविना' दिवसांची कल्पना मांडली आहे. त्यातले चार दिवस एकाच शेतासाठी राखून ठेवले तरी पुष्कळ झाले.

त्या शेतावर शिकवणार कोण? मुरबाड-शहापूरच्या शाळांत आणि आश्रमशाळांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली आणि कुणबी घरांतली मुले शिकतात. शेवळे ही रानभाजी कधी येते, ती काकडाच्या फळांशिवाय का शिजवत नाहीत, कोणता कंद खाजतो, कुठल्या खाचराला पाणी टिकते, हे त्यांना पाठ असते. परीक्षेत याला एकही गुण नाही. शहरातल्या शाळेने अशा एका शाळेशी मैत्री करावी आणि त्या मुलांना मार्गदर्शक म्हणून मान द्यावा. शहरातल्या मुलांनी सूक्ष्मदर्शक न्यावा, माती तपासणीचा संच न्यावा, दोघांनी मिळून नोंदी ठेवाव्यात. पाहुणे आणि यजमान असे नाते न राहता सहकाऱ्यांचे नाते झाले, तर त्या ओळखीतून दोन्ही बाजूंना काहीतरी मिळेल.

ही मागणी नवी नाही. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणात शेतीचे मूलभूत ज्ञान असावे आणि जमेल तिथे शाळेला छोटे नमुना शेत जोडावे असे म्हटले होते. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीतले आपले काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. त्याच कोसबाडला आज कृषी विज्ञान केंद्र आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला आठवी ते दहावीचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशा चार भागांत मुलांना प्रत्यक्ष काम करायला लावतो. राज्यातल्या अनेक, मुख्यतः ग्रामीण, शाळांत तो चालतो. डोंबिवलीतल्या शाळेच्या गच्चीवर त्याचा शेतीचा भाग का चालू नये, याला मला तरी योग्य उत्तर सापडलेले नाही.

आता पालक विचारतात तो प्रश्न: पुढे काय करायचे? शेती शिकायची म्हणजे गावी जाऊन नांगर धरायचा, हा समज मुंबईच्या लोकलचा नकाशा समोर धरला तरी गळून पडतो. माटुंग्याला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, १९२४ पासून. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, १८८६ पासून. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, १९६१ पासून. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात किरणोत्साराने बियाण्यांत बदल घडवून भुईमुगाचे वाण तयार झाले आणि त्यांतला टीएजी-२४ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनी मोठ्या प्रमाणावर लावला. वांद्रे-कुर्ला संकुलात नाबार्डचे मुख्यालय आहे, चेंबूरला खतांचा सरकारी कारखाना, वाशीला राज्यातली सर्वांत मोठी बाजार समिती. डोंबिवलीहून रोज लोकलने जाता येईल अशा या साऱ्या जागी शेतीचेच काम चालते.

खुद्द ठाणे-कल्याणातही प्रश्नांची कमतरता नाही. मध्य रेल्वेच्या रुळांलगत माठ, पालक, मुळा पिकताना आपण वर्षानुवर्षे पाहतो. रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेतून दिलेल्या जमिनी त्यांत आहेत. नाल्याचे पाणी दिले तर पालेभाजी शिसे-कॅडमियमसारखे जड धातू किती शोषते, हे तपासायला माती, पाणी आणि अन्नसुरक्षा या विषयांचे जाणकार लागतात. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याला, आणि एप्रिल-मे आला की शहापूरच्याच कितीतरी पाड्यांवर टँकर. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात असे का होते, ते जाणणारा आणि उपाय करणारा जलसंधारणाचा अभियंता इथल्याच एखाद्या वर्गात बसलेला असू शकतो. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पण जांभूळ दोन दिवसांत मऊ पडते. ते टिकवणे, त्याचा रस-भुकटी करणे, चांगल्या झाडांची कलमे बांधणे ही अन्नतंत्रज्ञ आणि उद्यानविद्येच्या पदवीधरांची कामे आहेत.

शिक्षणाची वाट सरळ आहे. दहावीनंतर कृषी पदविका करता येते. बारावी विज्ञान झाल्यावर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, जैवतंत्रज्ञान अशा चार वर्षांच्या पदव्या. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. कृषी पदवीच्या अखेरच्या वर्षात विद्यार्थ्याला काही महिने गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करावे लागते. अनेकांच्या मनात या विषयाची खरी आवड तिथेच रुजते. घरात कुणाच्या नावावर शेती असेल तर प्रवेशात अतिरिक्त भारांक मिळतो. कल्याण-डोंबिवलीच्या आगरी, कोळी, कुणबी घरांनी आपला सातबारा म्हणूनही एकदा पाहावा. जमीन फक्त बिल्डरला द्यायची वस्तू आहे, एवढीच तिची ओळख मुलांना होऊ नये. पदवीनंतर लोकसेवा आयोगाची कृषी सेवा, बँकांतली कृषी अधिकाऱ्याची पदे, बियाणे आणि ठिबक सिंचन कंपन्या, पीकविमा, निर्यातीची गुणवत्ता तपासणी, संशोधन आणि अध्यापन इतकी दारे उघडतात.

स्वतः शेती करायची असेल तर मुलांना खरे सांगितले पाहिजे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी धारणा सुमारे १.३४ हेक्टर होती. भाताचा एक हंगाम तेवढ्यावर घर चालवत नाही. भाजीपाला, फुले, कुक्कुटपालन, प्रक्रिया अशी जोड लागतेच. शिवाय महाराष्ट्राच्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. यशोगाथा वाचून नोकरी सोडणाऱ्या तरुणाने हे आधी वाचावे. शेतीचे सोनेरी चित्र रंगवणे आणि तिला दुर्दैवाची कहाणी म्हणून सांगणे, दोन्ही मुलांवर अन्याय करतात. ती कष्टाची, जोखमीची आणि बुद्धी पणाला लावणारी विद्या आहे. मुलांना ती तशीच भेटावी.

१ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस, राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: त्या दिवशी भाषणे ठेवू नका. सातवीच्या एका तुकडीला मिठाच्या पाण्यात भाताचे बी निवडू द्या, तालुका कृषी अधिकाऱ्यांना बोलावून मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्या, आणि मुरबाड, शहापूर किंवा कर्जतच्या एका शेतकऱ्याशी वर्षभराची भेट ठरवा. शेतकऱ्याचा त्या दिवसाचा मोबदला द्यायला विसरू नका. पालकांनी शाळेची वाट पाहायचीही गरज नाही. कर्जतची लोकल रविवारीही सुटते.